व्यक्तिरेखेची निवड आणि चित्रपटाचे म्हणणे

प्रश्न असा आहे : लाखो लोक निव्वळ करमणुकीसाठी जे चित्रपट पाहतात, त्यांतले काही वर्षानुवर्षे मनात राहतात आणि काही चित्रपटगृहाबाहेर पडता पडताच विसरले जातात. या फरकात व्यक्तिरेखांचा आणि आशयसूत्राचा वाटा किती, हे दोन्ही एकमेकांशी कसे जोडले जातात, आणि चित्रपट पाहताना ही जोडणी ओळखायची कशी? पटकथा लिहिण्यात आणि इतरांच्या पटकथांचे खर्डे वाचून त्यांवर टिपणे देण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे हे उत्तर समीक्षकाच्या जागेवरून न देता गोष्ट घडवणाऱ्याच्या बाजूने देतो.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. लोकप्रिय चित्रपटाचा आशय त्याच्या संवादांत शोधला, तर बहुधा सुविचार हाती लागतात. मुख्य पात्राला सारख्याच प्रिय असलेल्या दोन गोष्टींपैकी एक सोडणे भाग पडते, तेव्हा ते काय सोडते, काय धरून ठेवते आणि त्या निवडीची किंमत गोष्ट कोणाकडून किती वसूल करते, हे एकत्र पाहिले की चित्रपटाला काय म्हणायचे आहे ते कळते. गरिबी, सूड, आईचे प्रेम, जात, स्वातंत्र्य हे सगळे विषय झाले आणि विषय कोणालाही घेता येतो. विषयाबद्दलचे म्हणणे मात्र कोणीतरी निवड केल्याशिवाय आणि तिचे परिणाम भोगल्याशिवाय पडद्यावर उमटत नाही. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेचे घटक सांगताना कथानकाला पहिले आणि स्वभावचित्रणाला दुसरे स्थान दिले, आणि कथा आधी की पात्र आधी हा वाद आजही लेखनशिबिरांत रंगतो. प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर तो फार काळ टिकत नाही, कारण पात्राने जे केले ते कथानक, आणि दुसरे काही करता येत असूनही त्याने तेच का केले, तो त्याचा स्वभाव.

‘दीवार’ (१९७५) हा चित्रपट मी शिकवताना वारंवार घेतो, कारण त्याची बांधणी उघड्या डोळ्यांनी दिसते. सलीम-जावेद यांच्या पटकथेत लहानगा विजय बूटपॉलिश करतो, गिऱ्हाईक पैसे फेकते आणि तो फेकलेले पैसे उचलायला नकार देतो. एका छोट्या प्रसंगात स्वभाव मांडला गेला : हा मुलगा कष्ट करील, पण अपमान गिळणार नाही. पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट या एकाच स्वभावाचे परिणाम तपासत जातो. गोदीत हप्ता देणे नाकारण्याचे बळ त्यातूनच येते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्याच स्वभावामुळे तो तस्करीच्या धंद्यात वर चढतो आणि आईने ज्या इमारतीवर मजुरी केली ती इमारतच तिच्यासाठी विकत घेतो. मुलाच्या लेखी हा अपमानाचा हिशेब चुकता करणे आहे, पण पैसा कुठून आला हे कळल्यावर आई त्याचे घर सोडून जाते. ज्या गुणावर आपण टाळ्या वाजवल्या, त्याच गुणाने त्याचे घर मोडले, हे लक्षात येईपर्यंत आपण त्याच्या बाजूने इतके गुंतलेले असतो की त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहणे जमत नाही. गुण आणि दोष असे दोन स्वतंत्र रकाने करून पात्रे लिहिणाऱ्या नवोदितांना मी हे आवर्जून दाखवतो. जो गुण तोच दोष, असे पात्र सापडले की निम्मी पटकथा आपोआप उलगडते.

पण या चित्रपटातली खरी कसोटी आईची आहे. पोलीस अधिकारी असलेला रवी आपल्या भावाला पकडायला निघतो, तेव्हा गोळी झाडताना तुझे हात कापू नयेत असे ती त्याला सांगते, आणि लगेच दुसऱ्या मुलाची वाट पाहायला मंदिराकडे निघते. न्याय आणि माया यांचा संघर्ष दोन भावांत वाटून देणे सोपे होते, आणि चित्रपटाने ते केलेही आहे. पण तो संघर्ष एकाच बाईच्या एकाच प्रसंगात आणून ठेवल्यामुळे त्याला धार आली. अठरा वर्षांपूर्वीच्या ‘मदर इंडिया’त (१९५७) हाच पेच होता. तिथे राधा लग्नमंडपातून गावातल्या मुलीला पळवून नेणाऱ्या बिरजूवर, म्हणजे पोटच्या पोरावर, स्वतः गोळी झाडते. दोन्ही आया न्यायाच्या बाजूने कौल देतात, दोघींच्या मांडीवर मुलगा प्राण सोडतो, आणि तरीही दोन चित्रपटांचे म्हणणे एक नाही. ‘मदर इंडिया’त गावाची अब्रू आणि आईचा धर्म एकच आहेत, राधेने दिलेल्या किमतीवर गाव उभे राहते, तिच्या हस्ते कालव्याचे पाणी सुटते, आणि ते पाणी क्षणभर रक्तासारखे लाल दिसते ते चित्रपटाला त्या किमतीचा विसर पडू द्यायचा नाही म्हणून. ‘दीवार’मध्ये गोळी सरकारी वर्दीतला भाऊ झाडतो, आई मंदिरात उभी आहे, आणि विजयच्या मरणाने समाजाचे काही भले झाले असे चित्रपट आपल्याला पटवून देत नाही. रवीला पदक मिळते एवढेच. पेच तोच राहिला, किंमत कोणी आणि कशासाठी मोजली हे बदलले, आणि त्याबरोबर राष्ट्राबद्दलचे, कायद्याबद्दलचे म्हणणेही बदलले. हे बदललेले म्हणणे कोणत्याही पात्राच्या भाषणात सापडणार नाही.

लोकप्रिय चित्रपटाला आणखी एक सोय लागते, ती म्हणजे आतली निवड बाहेर दिसेल अशी एखादी वस्तू किंवा कृती. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरू शकतो. कॅमेऱ्याला चेहरा, हात आणि हातातली वस्तू एवढेच दिसते. ‘शोले’मधले नाणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जय आणि वीरू अडचणीच्या प्रत्येक वळणावर नाणे उडवतात, नशिबाचा कौल मान्य करतात, आणि हा सगळा प्रकार विनोदाच्या अंगाने येत राहतो. जय मेल्यावर वीरूच्या हाती ते नाणे लागते आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्याचे त्याला कळते. त्या एका क्षणात मागचे सगळे प्रसंग नव्याने वाचावे लागतात. जिथे आपण नशीब समजत होतो तिथे जयने निर्णय घेतला होता, आणि पुलावर मागे थांबण्याचा अखेरचा निर्णयही त्याचाच होता. मैत्रीवर एक शब्दही न बोलता चित्रपटाने मैत्रीची व्याख्या केली : मित्राच्या वाट्याची निवड आपण करायची आणि ती नशिबाच्या नावावर खपवायची, म्हणजे त्याच्यावर उपकाराचे ओझे राहत नाही. लेखनाच्या दृष्टीने यातली शिस्त अशी की ती वस्तू आधी दोन-तीनदा निरुपद्रवीपणे येऊन गेलेली असते. शेवटी अर्थ वाहण्यासाठी जी वस्तू एकदाच आणली जाते, ती प्रेक्षकाला प्रतीक म्हणून दिसते, आणि प्रतीक ओळखू आले की भावना आटते.

दुय्यम पात्रांकडे वळू. अनेक पटकथांत ती नायकाला माहिती पुरवायला किंवा हसवायला असतात. चांगल्या पटकथेत नायकापुढे जो प्रश्न आहे त्याचे वेगवेगळे उत्तर देऊन बसलेली माणसे म्हणून ती येतात. ‘कॅसाब्लांका’ (१९४२) याचा वस्तुपाठ आहे. गोष्ट डिसेंबर १९४१ मधली, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या उंबरठ्यावरची. आपण कोणासाठीही मान अडकवत नाही असे म्हणणारा रिक हा मद्यगृह चालवणारा अमेरिकन माणूस आणि त्याच्याभोवती जमलेले निर्वासित, दलाल, अधिकारी. तटस्थ राहता येते का, एवढाच प्रश्न. नाझींविरुद्ध लढणाऱ्या लाझ्लोने त्याचे उत्तर आयुष्य पणाला लावून दिलेले आहे. तिथला पोलीसप्रमुख कॅप्टन रेनो याने जिकडे वारा तिकडे पाठ फिरवण्याचे ठरवले आहे आणि त्याबद्दल त्याला लाजही वाटत नाही. प्रतिस्पर्धी मद्यगृहाच्या मालकाला माणसांच्या हतबलतेत धंदा दिसतो. लाझ्लोची बायको आणि रिकची जुनी प्रेयसी असलेल्या इल्साला प्रेम आणि कर्तव्य यांतले काहीच सोडवत नाही. प्रत्येक पात्र रिकला न सांगता एक पर्याय दाखवत असते आणि आपण त्याला त्या पर्यायांमधून चालताना पाहत असतो.

त्यातला गाण्याचा प्रसंग पुन्हा पाहावा. जर्मन अधिकारी मद्यगृहात आपले देशभक्तिपर गीत गात असतात. लाझ्लो वाद्यवृंदाकडे जाऊन फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवायला सांगतो. वादक रिककडे पाहतात आणि रिक किंचित मान हलवतो. संपूर्ण चित्रपटाचे वळण त्या मान हलवण्यात आहे. शेवटी रिक इल्साला लाझ्लोबरोबर विमानात बसवून देतो तो निर्णय आपल्याला धक्कादायक वाटला तरी अविश्वसनीय वाटत नाही, कारण त्याची पहिली पायरी आपण इथे पाहिलेली असते. या प्रसंगातली तीव्रता केवळ पटकथेची नाही हेही सांगितले पाहिजे. त्या संचातले कितीतरी कलाकार युरोपातून परागंदा होऊन आलेले होते. डोळ्यांत पाणी आणून गाणारी माद्लेन लबो स्वतः फ्रान्समधून निसटलेली होती, आणि जर्मन मेजरची भूमिका करणारा कॉनराड फाइट नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून गेलेला होता. पटकथाकाराने हे लिहिले नव्हते. पण मान हलवण्याएवढी रिकामी जागा ठेवली होती म्हणून ते त्यात मावले.

आता प्रतिनायक. आशयाच्या बाबतीत सर्वांत जास्त आळस इथे होतो. खलनायक जितका दुष्ट तितका नायक मोठा, हे गणित करमणुकीपुरते चालते, पण त्यातून अर्थ निघत नाही, कारण दुष्टपणाला नाही म्हणण्यासाठी नायकाला काहीच सोडावे लागत नाही. प्रतिनायकाचे म्हणणे काही अंशी तरी खरे असावे लागते. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) हा अतिमानवी शक्तींचा, प्रचंड खर्चाचा, उघडपणे बाजारासाठी बनलेला चित्रपट आहे. तरीही त्यातला किलमाँगर, म्हणजे वकांडा या काल्पनिक आफ्रिकी राज्याचा राजा टी’चाला याचा चुलतभाऊ, विचारतो की जगभर कृष्णवर्णीय माणसे चिरडली जात असताना एवढी संपत्ती आणि एवढे तंत्रज्ञान बाळगून तुम्ही लपून का राहिलात. या प्रश्नाला टी’चालाकडे उत्तर नाही. किलमाँगरच्या बापाला आपल्याच बापाने मारले आणि त्या पोराला परक्या देशात टाकून दिले, हे कळल्यावर तो पूर्वजांसमोर उभा राहून त्यांनाच चूक ठरवतो. शेवटी तो द्वंद्व जिंकतो आणि वाद हरतो : शस्त्रे वाटण्याचा किलमाँगरचा मार्ग त्याने नाकारला तरी लपून राहण्याचे राज्याचे जुने धोरण तो मोडतो, आणि अमेरिकेतल्या ज्या ओकलंडमध्ये तो अपराध घडला तिथेच पहिले मदतकेंद्र उघडतो. मारामारी नायकाने जिंकावी आणि मुद्दा प्रतिनायकाने, ही रचना मला लोकप्रिय चित्रपटातली सर्वांत फलदायी रचना वाटते. प्रेक्षकाला हवा तो विजयही मिळतो आणि तो विजय सरळ पचवताही येत नाही.

अनेक जण विचारतात की आशय आधी ठरवायचा की लिहिता लिहिता सापडतो. सापडतो, आणि पुष्कळदा उशिरा सापडतो. ‘इनसाइड आउट’ (२०१५) या ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शक पीट डॉक्टर यांनी जाहीरपणे सांगितलेली हकीकत इथे उपयोगी आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यातल्या भावना हीच यातली पात्रे. सुरुवातीच्या आराखड्यात आनंद, म्हणजे जॉय, हे पात्र भीतीबरोबर प्रवासाला निघत होते. विनोद होत होता, संकटे येत होती, पण प्रवासाच्या शेवटी जॉयने शिकावे असे काहीच त्या जोडीत नव्हते. माणसे एकमेकांशी खऱ्या अर्थाने जोडली जातात त्यात दुःखाचा वाटा मोठा असतो, हे डॉक्टर यांना उमगल्यावर त्यांनी भीतीच्या जागी दुःखाला, म्हणजे सॅडनेसला, जॉयच्या सोबत दिले आणि चित्रपट जागेवर आला. बदल दिसायला एवढाच होता की सोबती बदलला. पण जॉयचा सगळा खटाटोप सॅडनेसला आठवणींपासून दूर ठेवण्याचा असल्यामुळे, शेवटी तिच्याच हाती सूत्रे सोपवणे ही जॉयसाठी हार मानण्याइतकी महाग निवड ठरली. पटकथा अडली असेल तर आशयावर परिच्छेद लिहीत बसू नये. नायकासमोर उभे केलेले पात्र बदलून पाहावे. नायकाला ज्याची सोबत सर्वांत नकोशी आहे, तेच पात्र बहुतेक वेळा योग्य असते.

आतापर्यंतच्या उदाहरणांत पटकथाच बोलत होती. लोकप्रिय चित्रपटाकडे आणखी साधने असतात, आणि त्यांतले सर्वांत बलवान म्हणजे प्रेक्षक सोबत घेऊन येतो ती अपेक्षा. तारा-कलाकार पडद्यावर आला की तो कोण आहे हे अर्धे आधीच ठरलेले असते. तो मरणार नाही, हरणार नाही, त्याचे प्रेम सफल होईल, असा एक अलिखित करार असतो. हा करार पाळूनही आशय मांडता येतो आणि मोडूनही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर हे दोघेही नवे चेहरे असल्यामुळे तो करार ताऱ्यांशी नव्हता, तो प्रेमकथेच्या साच्याशी होता. पूर्वार्धातली गाणी, विहिरीतल्या उड्या, बुलेटवरून येणारी आर्ची, हे सगळे आपल्याला सांगत राहते की हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. मध्यंतरानंतर गाण्यांचे ते वैभव ओसरते. परक्या शहरातली झोपडपट्टी, कामधंदा, संशय, भांडण आणि समेट यांत प्रेमाला रोजच्या जगण्याचे वजन येते, आणि नेमके आपण निर्धास्त झाल्यावर माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन दारात येतात.

आर्ची आणि तिचा नवरा यांच्या हत्येने होणाऱ्या या शेवटाच्या क्रूरतेबद्दल खूप लिहिले गेले आहे. मला त्यातला कमी बोलला गेलेला धागा महत्त्वाचा वाटतो : आर्चीने आईशी फोनवर बोलायला सुरुवात केलेली असते. घर सोडण्याची बंडखोरी तिने केव्हाच पचवलेली असते. घात होतो तो घराच्या ओढीने, म्हणजे तिच्या स्वभावातल्या सर्वांत कोवळ्या भागामुळे. जातीची भिंत ओलांडणाऱ्याला शिक्षा होते एवढेच म्हणायचे असते, तर दोघांना मध्यंतरापूर्वीच्या पाठलागातही मारता आले असते. चित्रपटाचे म्हणणे त्याहून जड आहे. ती व्यवस्था मायेच्या वाटेने घरात येते, आणि ज्याने तिचे काही बिघडवलेले नाही त्या लहान मुलाच्या तळव्यांना रक्त लावून जाते. अखेरची आवाज काढून घेतलेली दृश्ये परिणामकारक ठरतात, कारण तोवर याच चित्रपटाने आपले कान गाण्यांनी भरलेले असतात. संगीताची रचना आणि आशयाची रचना इथे एकच आहे.

उपदेश करणाऱ्या चित्रपटांबद्दलही विचारले जाते. पात्राने तोंडाने आशय सांगितला की चित्रपट कमअस्सल, असा एक समज सुशिक्षित प्रेक्षकांत आहे आणि तो मला मान्य नाही. ‘लगे रहो मुन्नाभाई’त (२००६) साक्षात गांधीजी येऊन तत्त्वज्ञान सांगतात, यापेक्षा उघड उपदेश कोणता असणार? तरीही तो खपतो, याला कारणे आहेत. एक तर मुन्नाला दिसणारे गांधीजी मुन्नाला जेवढे ठाऊक तेवढेच जाणतात, हे चित्रपट स्वतःच उघड करतो आणि नायकाची जाहीर फजिती होऊ देतो. दुसरे म्हणजे, सत्याचा उपदेश रेडिओवरून इतरांना करून झाल्यावर तो मुन्नाला स्वतःला लागू होतो : आपण प्राध्यापक नसून गुंड आहोत हे त्याला आपल्या प्रेयसीला, जान्हवीला, सांगावे लागते आणि ती त्याच्यापासून दूर जाते. उपदेश करणाऱ्याने उपदेशाची किंमत मोजली की प्रेक्षक उपदेश सहन करतो.

याच्या उलट प्रकार फार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि इथे मी चित्रपटांची नावे घेत नाही, कारण यादी लांबेल. संवादांत स्त्रीच्या सन्मानाची भाषा असते, पण नायिकेच्या नकाराला न जुमानता तिचा पाठलाग करणाऱ्या नायकाला शेवटी तीच बक्षीस म्हणून मिळते. शेवटच्या भाषणात कायद्यावर विश्वास ठेवा असे सांगितले जाते, पण तोपर्यंतचे सगळे प्रश्न कायदा हातात घेऊनच सुटलेले असतात आणि त्यासाठी नायकाला काहीही गमवावे लागलेले नसते. पैशाने सुख मिळत नाही असे म्हणत चित्रपट आपल्याला अडीच तास श्रीमंतीच हरखून पाहायला लावतो. अशा वेळी प्रेक्षकाच्या मनात बक्षीस मुरते, भाषण मुरत नाही. हा अप्रामाणिकपणा दर वेळी जाणूनबुजून केलेला असतो असे नाही. बहुतेकदा आशय शेवटच्या खर्ड्यात वरून चिकटवलेला असतो आणि निवडी जुन्याच राहिलेल्या असतात. पटकथा तपासताना मी म्हणूनच एक साधा तक्ता करतो. एका बाजूला पात्रांनी काय म्हटले ते लिहितो, दुसऱ्या बाजूला कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले ते लिहितो. दोन्ही बाजू एकमेकींना छेद देत असतील आणि तो छेद लेखकाच्या लक्षात आलेला नसेल, तर काम अजून बाकी आहे.

पटकथेच्या पुस्तकांत पात्र बदललेच पाहिजे असा आग्रह असतो. त्याबद्दल माझे मत वेगळे आहे. ‘दो बिघा जमीन’मधला (१९५३) शंभू बदलत नाही. जमीन वाचवण्यासाठी तो कोलकात्याला जातो, हातरिक्षा ओढतो, जास्त पैशांच्या आशेने धावताना अपघात ओढवून घेतो, आणि गावी परततो तेव्हा त्याच्या शेतावर कारखाना उभा राहत असतो. मूठभर माती उचलावी तर पहारेकरी तीही टाकायला लावतो. शंभू शेवटपर्यंत तसाच सरळ राहिल्यामुळे दोष त्याच्या स्वभावाकडे ढकलता येत नाही, आणि आपली नजर आपोआप व्यवस्थेकडे वळते. तो वाटेत लबाड झाला असता तर हा चित्रपट एका माणसाच्या अधोगतीचा झाला असता. न बदलणारे पात्र आणि किंमत वसूल करत राहणारे जग, ही रचना सामाजिक आशयाला बदलणाऱ्या नायकापेक्षा अनेकदा जास्त मानवते.

व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) या दोन्ही रचनांची विलक्षण गुंफण आहे. गावाला वळण लावणारा मास्तर तमाशातल्या बाईच्या ओढीने घसरतो, गाव मात्र त्याचा खून झाला असे समजून त्याचा पुतळा उभारते, आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली तो शिक्षा स्वीकारतो, कारण खरे सांगितले तर गावाचा आदर्श कोसळेल. माणूस बदलला, पुतळा बदलला नाही. मास्तरच्या त्यागाला आपण थोर म्हणायचे की आदर्शाच्या नावाखाली झालेला शेवटचा खोटेपणा म्हणायचे, याचे उत्तर चित्रपट थोरपणाकडे झुकून देतो हे खरे, पण किंमत इतकी मोठी ठेवतो की दुसरे उत्तरही पुसले जात नाही. तमाशाच्या गाण्यांनी भरलेल्या, गर्दी खेचणाऱ्या चित्रपटात हे घडले, ही गोष्ट लोकप्रियता आणि आशय यांना एकमेकांचे वैरी मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

राहिला प्रश्न पाहायचे कसे याचा. चित्रपट एकदा मनसोक्त पाहून घ्यावा. पहिल्याच वेळी वही घेऊन बसणाऱ्याला काही सापडत नाही. मग मुख्य पात्राचा शेवटचा मोठा निर्णय आठवावा आणि तिथून उलट मागे चालत यावे : या निर्णयाची पहिली चाहूल कुठे लागली होती, त्याच पात्राने पूर्वी अशाच प्रसंगी वेगळे काय केले होते, दोन्हींच्या मध्ये त्याला कोण भेटले. नंतर मनातल्या मनात निर्णय उलटा करून पाहावा. रिकने इल्साला ठेवून घेतले असते, जॉयने सूत्रे सोडली नसती, तर गोष्टीचा अर्थ बदलला असता का? बदलला असता, तर त्या निर्णयात आशय आहे. काहीच फरक पडला नसता, तर तो चित्रपट साहस, नृत्य, विनोद किंवा निव्वळ वेग यांच्या जोरावर उभा आहे असे समजावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. धमाल विनोदी चित्रपटांना आणि पाठलागांच्या चित्रपटांना अनेकदा असा निर्णय नसतो, आणि त्यांच्यावर ओढूनताणून आशय लादणारी समीक्षा त्या चित्रपटांपेक्षा कंटाळवाणी होते.

आणि दोन प्रेक्षकांना एकाच चित्रपटातून दोन वेगळी म्हणणी मिळाली, तर कोणीतरी चुकले असे लगेच ठरवू नये. ‘दीवार’ पाहून कोणाला विजयचा अपराध मोठा वाटतो, कोणाला त्याच्या हातावर ‘मेरा बाप चोर है’ गोंदणाऱ्या समाजाचा. दोघेही आपापली बाजू पडद्यावरच्या प्रसंगांवरूनच मांडू शकतात. संवादांवरून मांडू लागले, तर मात्र त्यांनी चित्रपट पुन्हा एकदा पाहावा.